नाडीच्या बहाण्याने

मनगट हातात घ्यायचं
आणि म्हणायचं, नाडी बघते हं.
नाडी पहिल्या अर्ध्या मिनिटात कळते.
पुढचं मिनिटभर बोटं तिथंच ठेवून
नजर हळूच छातीवर न्यायची,
खिडकीबाहेर बघावं इतक्या सहज.

श्वास मोजतेय हे सांगायचं नाही कधी.
सांगितलं की माणूस श्वास नीट घेऊ लागतो,
पाहुणे दिसताच घर आवरावं तसा.
हे मला मिरजेत सुवार्ता सिस्टरनी शिकवलं,
उकळत्या पाण्यातून चिमट्यानं
काचेच्या सिरिंजा काढता काढता.
"एवढंच खोटं बोलायची परवानगी आहे तुला," म्हणाल्या.
"बाकी सगळं खरं."

इथं ग्रिम्सबीत पहाटेचे सव्वातीन.
नऊ नंबरच्या खाटेवर मिस्टर ऑसगर्बी,
वय एक्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन, पाचवा दिवस.
दुखतंय का?
"तक्रार नाही, पोरी."
शून्य ते दहामध्ये सांगायचं तर?
"मरत नाही एवढ्यानं."
हा आकडा तक्त्यात नाही.

आमच्याकडे दुखण्याला केवढी नावं,
ठणका, कळ, चमक, शिणक,
ठुसठुस, भगभग, नुसतंच सलणं.
बाई कालपर्यंत "ठणकतंय" म्हणत होती
आणि आज "भरून आलंय" म्हणाली
की मी पदर खोचायचे.
इथं सगळं एका "बरं आहे"मध्ये गुंडाळलेलं,
कागदातल्या तळल्या माशासारखं.
वास तेवढा बाहेर येतो.
मी वासावर फिरते.

जेनीननं नऊला दिलेला चहा तसाच, वर साय धरलेली.
हा माणूस चहा सोडत नाही.
दोनाच्या तीन उशा झाल्यात, कुणी दिली तिसरी?
आणि "पोरी" म्हणण्याआधी
ते मघाशी थांबले होते.
एका शब्दासाठी.

नाडी बघते हं, मी म्हटलं.
हात गरम. पंजा केवढा, दोराच्या जुन्या वळांचा.
घोंगडीची घडी वर, खाली, वर,
गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढली जातेय,
पंचवीस, सव्वीस, सत्तावीस.

"अठ्ठावीस," मिस्टर ऑसगर्बी म्हणाले.
डोळे मिटलेलेच.
माझा एक निसटला होता.

"मेट होतो मी बोटीवर.
पारा उतरायला लागला
की काचेकडे बघायचं ते
सिगारेट पेटवायच्या निमित्तानं.
पोरं... सगळी... माझ्या तोंडाकडे बघत असायची."
मग बराच वेळ फक्त श्वास.
"तर? उतरलाय?"

काही नाही हो, झोपा बघू,
हे आमच्या घरोघरचं जुनं औषध
जिभेवर आलंच होतं.
गिळलं.
उतरलाय, म्हटलं. कालच्यापेक्षा बराच.
डॉक्टरना बोलावते. ते येईपर्यंत मी इथून हलत नाही.
त्यांनी मान हलवली,
हवामानाच्या बातमीला हलवावी तशी.

फोनवर मी शिकल्याप्रमाणे पायरीपायरीनं बोलले,
काय झालंय, आधी काय होतं,
मला काय वाटतं, मला काय हवंय.
डॉक्टर ओलुमिडे पेंगुळलेले. "पेशंट काय म्हणतोय?"
पेशंट बरं आहे म्हणतोय.
श्वास अठ्ठावीस, ताप अडतीस पॉइंट सहा,
उजवीकडे खाली हवा पोचत नाहीये,
आणि त्यांनी चहा घेतला नाही.
"चहा?"
हो, चहा. या तुम्ही.

खाटेचं डोकं उंच केलं, नाकाशी ऑक्सिजन लावला,
थंड कप उचलून बाजूला ठेवला.
बंदराकडून सीगल ओरडायला लागले, अंधारातच.
मी खुर्ची ओढून बसले.

तेव्हा त्या मोठ्या पंजानं
माझं मनगट धरलं.
"नाडी बघतो हं," म्हणाले,
आणि बघत राहिले सरळ माझ्या तोंडाकडे.

मी श्वास नीट घेऊ लागले.